शेठच्या पैशाचा आवाज

हे मी कोणाचे आभार मानायला लिहीत नाही. आभाराच्या दोन ओळी मला छापून दिल्या होत्या, त्याही मी वाचल्या नाहीत. ती हकिगत पुढे येईल.

मी पालघरकडच्या दांडी गावचा मच्छीमार. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा अर्धी होडीवर. पण ज्याला उद्या डॉक्टर सांगणार आहे की तुझा आवाजाचा डबा कापून काढायचा, त्याला खरं सांगायला कोणी येत नाही. सगळे म्हणतात, काही होत नाही. होतं. पुष्कळ होतं. त्याने हे वाचावं. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी माझं काही अडत नाही.

घसा बसला

गावात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारायला मला फोन लागला नाही. ही फुशारकी असेल, पण खरी आहे.

तो आवाज बसला आणि बसूनच राहिला. बोईसरच्या डॉक्टरने गोड औषधाच्या बाटल्या दिल्या, त्या मी संपवल्या. माझी बायको हिरा, बोईसरच्या बाजारात मासळी विकते. ती म्हणाली, "गावाला जरा आराम मिळालाय खरा. तरी पन पालघरला दाखवून या."

पालघरच्या डॉक्टरने नाकातून नळी घालून बघितलं आणि एकदम गप्प झाला. मला तेव्हाच कळलं. डॉक्टर बोलत असला तर घाबरू नका. गप्प झाला की समजा.

मग मुंबईचं मोठं इस्पितळ. तिथला डॉक्टर माझ्या पोराएवढा. सगळं तो माझ्या मुलाकडे, जनार्दनकडे बघून बोलत होता. म्हणाला, "आजोबांना जरा बाहेर बसवता का?"

मी म्हणालो, "घसा माझा हाय. मला सांग."

मग त्याने सांगितलं. कॅन्सर. डबा पूर्ण काढावा लागेल. गळ्याला पुढून भोक राहील, श्वास त्यातून घ्यायचा. बोलणं जाईल.

मी एकच विचारलं, "नाल्याच्या पान्याने झाला काय?"

"कसला नाला?" त्याने विचारलं. मी सांगितलं. कुंभवलीच्या बाजूला कारखाने आहेत. त्यातल्या एका शेठच्या कारखान्याचं पाणी नाल्यातून आमच्या खाडीत येतं. कधी लाल, कधी पिवळं. ज्या दिवशी जास्त येतं त्या दिवशी मासे पोट वर करून तरंगतात. त्या पाण्यात आमचे पाय आणि जाळी जन्मभर भिजत आली. जनसुनावणी झाली तेव्हा तो शेठ समोर बसला होता आणि मी माईक बाजूला ठेवून त्याच्यावर ओरडलो होतो. मागच्या रांगेतल्या पोलिसालाही ऐकू गेलं.

डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "विडी किती वर्षं?"

"चाळीस."

"मग नाला कशाला शोधता, आजोबा?"

त्या दिवशी मला रोगापेक्षा या वाक्याचा राग जास्त आला. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, मला तो रोग शेठने दिलेला हवा होता. विडीने दिला म्हटल्यावर भांडायला कोणी उरलंच नाही.

आणखी एक गोष्ट इथेच लिहून टाकतो. जनार्दन त्याच शेठच्या कारखान्यात कामाला आहे. खाडीत मासा उरला नाही, घरात खाणारी तोंडं होती, म्हणून तो गेला. मी अडवलं नाही. आवडलंही नाही.

वॉर्ड

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. नंतरचं आठवतं.

नाकात नळी, त्यातून पातळ जेवण. पहाटे पाचला ताप बघायला उठवणार. गळ्यातल्या भोकात नळी घालून कफ ओढणार, तेव्हा वाटतं आतडं वर आलं. त्यांना ते दिवसातून कितीदा तरी करावं लागतं. एक केरळची सिस्टर होती, ती प्रत्येक वेळी आधी पडदा ओढायची. बाकीच्या ओढत नव्हत्या. तेवढ्या पडद्यावर मी तीन आठवडे काढले.

शिंक गळ्यातून येते. खोकला गळ्यातून येतो. हसू आलं तर नुसते खांदे हलतात, आवाज नाही. वास जातो. मासळीवाल्याच्या घरात मला बोंबलाचा वास येत नाही, आणि पाहुणे नाक दाबतात, यावर हिरा हसते.

बोलायला पाटी दिली होती. माझं लिहिणं धीमं. मी "पाणी" लिहून होईपर्यंत जनार्दन चादर सारखी करून, खिडकी लावून, डॉक्टरला बोलावून मोकळा व्हायचा. एकदा रागाने पाटी फेकली. ती शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या पायावर पडली. त्याचाही डबा काढलेला, त्यालाही ओरडता आलं नाही. दोघं एकमेकांकडे तोंड उघडून बघत बसलो.

घरी आल्यावर भेटायला माणसं आली. सुरुवातीला रोज, मग कोणी नाही. गप्प माणसाकडे कोण बसणार? हिरा बाजारातून आली की दिवसभराचं सांगायची, मी मान हलवायचो. एक दिवस ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "भांडा की ओ माझ्याशी. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." मी काय भांडणार? "भांडण" लिहायलाच मला पाच मिनिटं.

कमरेचं पाणी

डॉक्टरने बजावून सांगितलं होतं, पाण्यात उतरायचं नाही. गळ्याचं भोक सरळ फुप्फुसात जातं, नाक-तोंड मिटून उपयोग नाही. मला ते कळलं होतं. पण माझ्या हिशेबात पाण्यात उतरणं म्हणजे पोहणं.

एका दुपारी आमची होडी खाडीत आली. आता ती माझा भागीदार वामन चालवतो. भरती उतरत होती, होडी ओढून घ्यायला माणसं कमी होती. मी भोकावर फडकं बांधलं आणि गेलो. पाणी कमरेला. आमच्या लोकांना कमरेचं पाणी म्हणजे जमीन. त्यात कोणी बुडेल असं आमच्या डोक्यातच येत नाही.

पायाखालचा चिखल सरकला, मी गुडघ्यावर बसलो, आणि एक लाट गळ्यावर आली, फडक्यातून पाणी भोकात शिरलं. डोकं पाण्याच्या वर, तोंड वर, नाक वर, आणि मी बुडत होतो. वामन दहा हातांवर पाठ करून उभा. मी तोंड उघडलं. काही नाही. ज्या आवाजाने मी अख्ख्या खाडीला हाक मारली, तो दहा हात जाईना.

वामनने दोर घ्यायला सहज मागे बघितलं म्हणून मी हे लिहितोय. त्याने मला उलटं करून किनाऱ्यावर आणलं आणि वर शिव्या दिल्या. मला परत देता आल्या नाहीत.

त्या दिवसापर्यंत मी म्हणत होतो, आवाज गेला तर गेला, म्हातारपणी काय बोलायचंय? त्या दिवसानंतर तसं म्हणालो नाही.

बटण

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरने सांगितलं की विद्यापीठात एक व्हॉल्व्ह बनवतायत. श्वासनळी आणि अन्ननळीच्या मध्ये बसवायचा. भोकावर अंगठा दाबला की वारा त्यातून तोंडात जातो आणि बोलता येतं. परदेशी मिळतो, पण महाग, आणि काही महिन्यांनी बदलायचा. हा स्वस्तातला. अजून तपासणी चालू आहे, म्हणून फुकट.

फुकट म्हटल्यावर मी उठलो होतो. जनार्दनने खाली बसवलं.

विद्यापीठातली मुलगी आली. वर्षा तिचं नाव, लातूरकडची. तिने सहीसाठी कागद पुढे केला. मी पाटीवर लिहिलं, "सगळा वाच." दहा-बारा पानं होती. ती वाचत गेली, मी मध्ये मध्ये हात वर करून थांबवत गेलो. तिचा घसा कोरडा पडला, पण एक ओळ तिने गाळली नाही. तेव्हा मी सही केली.

इस्पितळातच विद्यापीठाची खोली होती, तिथे बटण बसवलं. शर्टाच्या बटणाएवढं आहे, म्हणून आम्ही बटणच म्हणतो. वर्षा म्हणाली, "काका, दाबा अंगठा, आणि आकडे म्हणा बघू."

थंडीत इंजिन पेटत नाही तेव्हा जसं घरघरतं, तसा आवाज आला. पण त्यात आकडे होते. मी दहापर्यंत म्हणालो. हिरा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"रडतेस कशाला?" मी म्हणालो. सहा महिन्यांनी माझं पहिलं वाक्य.

"रडत नाय. रेड्यावानी आवाज येतोय, हसते."

पांढरा दगड

बाहेर पडताना जनार्दन जिन्याजवळ भिंतीला टेकून उभा होता. आधीच्या दोन खेपांनाही तो तिथेच उभा होता. मी म्हणालो, "चल." तो हलेना. मी त्याला हाताने बाजूला केलं. मागे पांढऱ्या दगडाची पाटी होती. ही संशोधनाची खोली अमक्या शेठच्या देणगीतून उभी राहिली. नाव आमच्या नाल्याच्या शेठचंच.

"तुला ठाऊक होतं?"

जनार्दन म्हणाला, "ठाऊक होतं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी सही केली असती?"

घरी आल्यावर लिहायची पाटी पुन्हा काढली. तीन आठवडे भोकाला अंगठा लावला नाही. नाल्यात विष सोडायचं आणि इकडे देणगीच्या दगडावर नाव कोरायचं, आणि त्या दगडाचा आवाज माझ्या गळ्यात? नको.

हिराने तीन आठवडे सोसलं. मग मासळीची टोपली ओट्यावर आपटली.

"नाल्यातून त्याने विष सोडलं ते जन्मभर घेतलंत. आता औषध सोडलं तर नको? त्याचं वाईट तेवढं चालतं तुमाला!"

मी पाटी शोधायला लागलो. तिने ती उचलून पाठीमागे धरली. "बोलून सांगा. नायतर गप बसा."



वाटा

तरी मी बटण काढायलाच गेलो. वर्षाला म्हणालो, "काढ हे. शेठचं हाय."

ती घाबरली नाही. म्हणाली, "काढू की. डॉक्टरांना बोलावते. पण आधी माझं ऐका. माझा पगार शेठचा आहे. हे यंत्र, हे रबर, सगळं. त्यांच्या वडिलांना हाच आजार होता. शेवटी बोलता आलं नाही, काय सांगायचं होतं ते तसंच राहिलं, म्हणून त्यांनी पैसे दिले. नसते दिले तर मी आज गावाकडं शिकवण्या घेत असते आणि हे बटण कागदावर असतं."

"बाप सगळ्यांनाच असतो," मी म्हणालो.

"हो. पण काका, हे अजून पुरं झालेलं नाही. चहा गळतो कुठून, सकाळी चिकटतं का, वाऱ्यात आवाज फुटतो का, हे मला कोण सांगणार? पैसा शेठचा, पण ते काही त्यांच्या गळ्यात नाही बसवलं मी."

आमच्याकडे होडी किनाऱ्याला ओढतात तेव्हा दोराला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो. मालक असो की वाटसरू. वाटा घेताना कोणी हात जोडत नाही, आणि देणारा उपकार केला म्हणत नाही.

मी म्हणालो, "म्हणजे मी दोराला हात लावलाय."

तिला काही कळलं नाही. मी समजावलं. मग ती हसली. म्हणाली, "असंच."

"मग हा माझा वाटा हाय. दान नाय. लिही तुझ्या वहीत."

तिने माझ्यासमोर लिहिलं. त्या दिवसापासून मी दर महिन्याला जातो आणि तिला नावं ठेवतो. पहिलं बटण गरम चहाला गळायचं. दुसरं सकाळी चिकटायचं. रात्री ताडी पितो हे ऐकून डॉक्टर ओरडला, ती म्हणाली, "ओरडू नका, लिहून घेऊ द्या." आता तिसरं आहे, त्यात माझ्या तक्रारींवरून दोन फरक केलेत. पुढच्या माणसाच्या गळ्यात जाईल ते माझ्यापेक्षा चांगलं असेल. त्या माणसाने शेठचे आभार मानायचे तर मानावेत. मला कळवायची गरज नाही.

लाभार्थी

विद्यापीठात देणगीदारांचा सत्कार होता. मला दोन मिनिटं बोलायला बोलावलं. दारात एका बाईंनी माझ्या शर्टाला पट्टी लावली, "लाभार्थी". मी ती काढून खिशात घातली. मग छापलेला कागद दिला, त्यात दोन ओळी, दोन्हीत आभार.

जनार्दन सोबत होता. त्याचा शेठ पहिल्या रांगेत. "बाबा, दोन ओळी वाचा नि खाली उतरा. माझ्याकडे बघून तरी."

मी त्याच्याकडे बघितलं. खरंच बघितलं. मी तसाच वर गेलो.

अंगठा दाबला आणि म्हणालो, "बटण चांगलं हाय. पैसे दिलेत म्हणून ते झालं, हे मला कबूल हाय. अजून द्या. मला डॉक्टरने सांगितलं, रोग विडीने झाला. ते त्याला ठाऊक हाय, कारण विडीवर कोणीतरी शोध लावला. नाल्याच्या पान्याने काय होतं ते त्याला ठाऊक नाय, कारण त्याला कोणी पैसे दिले नायत. तुमचा बाप घशाने गेला, घशाला पैसे मिळाले. आमच्या नाल्यात कोणा शेठचा बाप बुडाला नाय. म्हणून त्याच्यावर कोणी शिकत नाय. त्याला द्या."

माईक आणि माझी घरघर, दोन्ही मिळून अर्धं विरून गेलं. लोक टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं आभार मानले. शेठने बाजूला बसलेल्या वर्षाकडे वळून विचारलं, "काय म्हणाले हे?"

मी बघत होतो. तिला सहज म्हणता आलं असतं, धन्यवाद म्हणाले. तिचा पगार त्याचा, शिक्षण अजून अर्धं राहिलं होतं. तिने एकदा ओठ ओले केले आणि मी बोललो ते सगळं, पहिल्यापासून, गाळल्याशिवाय त्याला सांगितलं.

शेठने मान हलवली. रागावला नाही. "बघू," म्हणाला आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागला.

जनार्दन महिनाभर माझ्याशी बोलला नाही. शेठने त्याला कामावरून काढलं नाही, हे लिहायलाच पाहिजे. वर्षाचा पगारही चालू आहे. नाल्याला पैसे आलेले नाहीत.

बाटल्या

मागच्या रविवारी वर्षा दांडीला आली. बोईसरला उतरली, तिथून रिक्षाने. पिशवीत रिकाम्या बाटल्या होत्या. विद्यापीठातल्या दुसऱ्या खात्यात एक बाई पाणी तपासतात. त्यांच्याकडे या कामाला पैसे नाहीत, पण म्हणाल्या, आण, सवडीने बघते.

"सवडीने म्हणजे कवा?" मी विचारलं.

"माहीत नाही, काका. कोणी देणगी दिली तर लवकर."

जनार्दन ओट्यावर बसला होता. बाटल्या बघून आत गेला. थोड्या वेळाने बाहेर आला, म्हणाला, "पिवळं पानी दुपारनंतर येतं. सकाळचं भरून काय उपयोग?" आणि पुन्हा आत गेला.

दुपारी ओहोटी होती. वर्षाला चिखलात चालता येईना, म्हणून हिराने लुगडं खोचलं आणि तिचा हात धरून नाल्याच्या तोंडाशी उतरली. मला उतरायची बंदी. मी बांधावर उभा राहिलो. समोरून वारा, आणि दोघी चुकीच्या जागी थांबल्या, जिथे भरतीचं स्वच्छ पाणी साठतं.

मी अंगठा दाबला. "तिथे नाय! पुढे! दगडाच्या पलीकडे!"

घसा खरवडला, पण दोघींनी मान वळवली. पन्नास हात तरी असतील, वाऱ्याच्या उलट.

"बाटली आधी त्याच पान्याने धुवा! मग भरा!"

हिरा कमरेवर हात ठेवून ओरडली, "ऐकलं ओ! केवढ्याने बोंबलता! सारा गाव गोळा होईल!"

"होऊ दे," मी म्हणालो. मग अंगठा घट्ट दाबून पुन्हा ओरडलो. "होऊ दे गोळा!"